रॅम्सगेटला निघण्यापूर्वी, ऑगस्ट १८७६

आधी पत्ते. ट्रंका, टोप्या, मुलांची लाकडी फावडी हे सगळं शेवटच्या दोन दिवसांत उरकतं. पत्त्यांचं काम तसं उरकत नाही. समजा, लंडनमधलं एक मध्यमवर्गीय इंग्रज कुटुंब आहे, घरात पाच मुलं आणि एक बिनलग्नाची आत्या. १८७६ च्या ऑगस्टात तीन आठवडे केंटच्या किनाऱ्यावर, रॅम्सगेटला जायचं ठरलंय आणि तयारी तुमच्या गळ्यात पडली आहे. तर पहिलं काम म्हणजे एक वही घ्या आणि त्या तीन आठवड्यांत कोण बाळंत होणार आहे, कोणाचं जमत आलंय, कोण अंथरुणाला खिळलंय आणि कोणाशी सध्या बोलणं बंद आहे, हे लिहून काढा. समुद्राला काही कळवावं लागत नाही. नातेवाइकांना लागतं, आणि ज्याला कळवायचं राहिलं तो नाताळपर्यंत तोंड फिरवून बसतो.

मग तिकिटं. एक औंसापर्यंतचं पत्र एका पेनीत देशभर कुठेही जातं. १८७१ पर्यंत ही मर्यादा अर्ध्या औंसाची होती, आता तीन-चार पानी खुशाली आरामात मावते. अर्ध्या पेनीचं पोस्टकार्डही १८७० पासून मिळतंय, पण ते जपून वापरा. पोस्टमनपासून मोलकरणीपर्यंत सगळे वाचूनच ते पुढे सरकवतात. ‘सुखरूप पोचलो’ एवढ्याला ठीक. साखरपुडा मोडल्याची बातमी त्यावर नको. आत्याबाईंना मात्र कागद कितीही द्या, त्या एकदा आडवं लिहून झालं की पान फिरवून त्यावरच पुन्हा उभं लिहिणार. पानागणिक आणि अंतरागणिक टपाल पडायचं त्या काळातली, म्हणजे १८४० च्या आधीची ही सवय. वाचणाऱ्याचे डोळे जातात, पण त्यांना ते सांगायची कोणाची छाती नाही.

काळ्या काठाच्या कागद-पाकिटांचा एक छोटा गठ्ठा न विसरता घ्या, घरात सगळे धडधाकट असले तरी. अपशकुन वाटत असेल तर ट्रंकेच्या तळाशी ठेवा. शोकाचा एक पोशाखही हवाच. क्रेपचं कापड दमट हवेत चुरगळून मान टाकतं, म्हणून तो कागदात गुंडाळून, इतर कपड्यांच्या मध्ये ठेवा. बाकी आंघोळीच्या कपड्यांची फार चर्चा नको: बायकांना जाड फ्लॅनेलचा किंवा सर्जचा झगा, आणि तो वाळायला दोन दिवस लागतात एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

तारेबद्दल निघण्याआधीच सगळ्यांना बजावून ठेवा. तारखातं १८७० मध्ये सरकारकडे आल्यापासून एका शिलिंगात वीस शब्द जातात आणि पत्त्याचे पैसे पडत नाहीत; त्यामुळे काही मंडळींना तार ठोकायची हौस आली आहे. पण तारवाला पोऱ्या दारात दिसला की घरातल्या म्हाताऱ्यांच्या काळजाचं पाणी होतं. तेव्हा नियम साधा: कोणी गेलं तर, किंवा गाडी चुकली तरच तार. मुलगा झाला हे पत्राने कळलं तरी चालतं, तो काही लगेच शाळेत जाणार नाही.

घरातला थोरला जर मुंबई इलाख्यात नोकरीला असेल तर एक काम वाढलं. हिंदुस्थानची डाक आठवड्याला येते, आणि ती येणार लंडनच्या पत्त्यावर. मागे राहणाऱ्या मोलकरणीला ते पाकीट त्याच दिवशी पुढे पाठवायला सांगा. पुढचा पत्ता दहा-बारा चिठ्ठ्यांवर तुम्हीच लिहून द्या, तिच्या अक्षरावर सोडू नका. मुंबई ते कॉर्नवॉलचा पोर्थकर्नो किनारा अशी समुद्राखालची तार १८७० मध्ये जोडली गेली आहे खरी, पण तिचा दर खुशाली विचारण्याचा नाही. त्याच्या पत्रात या वर्षी पावसाचंच रडगाणं असेल. किनाऱ्यावर बसून ते वाचताना कोणाला फारसं काही वाटणार नाही, कारण दख्खनचा पाऊस गेल्याचा अर्थ लंडनला कळायला अजून अवकाश आहे. आपल्याला तो माहीत आहे. दोन वर्षं चाललेल्या त्या दुष्काळाची सुरुवात याच उन्हाळ्यातली.

‘द टाइम्स’ पाठवायची व्यवस्था करा. जन्म, लग्नं आणि मृत्यू पहिल्याच पानावर असतात आणि नाश्त्याच्या टेबलावर आधी तेच पान फिरतं. राजकारण उरल्यासुरल्या वेळात.

जायचा दिवस. सात ऑगस्टचा सोमवार टाळा. सर जॉन लबक यांच्या १८७१ च्या कायद्याने ऑगस्टचा पहिला सोमवार बँकेच्या सुट्टीचा झाला आहे, आणि त्या दिवशी स्वस्त गाड्यांनी अर्धं लंडन किनाऱ्यावर ओतलं जातं. आठ तारखेला निघा. १८६३ चं हार्बर स्टेशन अगदी वाळूला टेकून आहे. बोगद्यातून गाडी बाहेर आली की समोर समुद्रच. मुलांना खिडकीशी बसवा आणि आत्याबाईंना आधीच सांगा की आता धूर आत येईल.

खोल्या पत्राने ठरवल्या असतील तर घरमालकिणीला वरखर्च लेखी विचारा. वाणसामान तुम्ही आणायचं आणि शिजवायचं तिने, अशी पद्धत; पण चुलीचे वेगळे, बूट पुसायचे वेगळे, मीठ-मिरीच्या स्टँडचेही वेगळे, असं बिल फुगत जातं. चहाची पेटी कुलपाची न्या. घरमालकिणीच्या मांजराने मटण खाल्लं, ही तक्रार इतकी जुनी आहे की त्या मांजराचं वय आता शंभरेक असावं. ढेकणांची पूड अवश्य घ्या. याच वर्षी एप्रिलमध्ये रॅम्सगेटच्या एका छोट्या शाळेत तेवीस वर्षांचा एक डच मास्तर आला, पगार नाही, फक्त राहणं-जेवण. नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग. इथे ढेकूण फार, पण खिडकीतून दिसणाऱ्या समुद्रापुढे ते विसरायला होतं, अशा अर्थाचं त्याने भावाला लिहिलं होतं. तुम्हाला खिडकी मागच्या गल्लीवरची मिळाली तर पूडच उपयोगी पडेल.

आता वाळूवरचं. तिथे नक्की काय चालतं हे बघायचं तर विल्यम फ्रिथचं रॅम्सगेटच्या वाळूचं चित्र आठवा. १८५४ मध्ये रॉयल अकॅडमीत लागलं आणि खुद्द व्हिक्टोरिया राणीने घेतलं. चित्रकार जणू पाण्यात उभा राहून किनाऱ्याकडे बघतोय. कोणी पेपर वाचतंय, कोणी दुर्बीण लावलीय, एक छोटी मुलगी पाण्यात पाय टाकायला तयार नाही. आणि इतके कपडे अंगावर, की पोहायला आलेलं कोणी दिसतच नाही. बाया घोळक्याने बसल्या आहेत. आपल्याकडे मांडवात जे होतं तेच हे, फक्त पायाखाली सतरंजीऐवजी वाळू. म्हणून विणकाम न्या, पुस्तक न्या, पण उघडून फक्त मांडीवर ठेवायला.

पोचल्यावर दुसऱ्या दिवशी गावच्या वर्तमानपत्रात पाहुण्यांची यादी बघा. कोण कुठल्या घरात उतरलंय ते तिथे छापतात. आपलं नाव बरोबर छापलंय ना हे आधी पाहाल, ते साहजिकच. नंतर बाकीची यादी पेन्सिल घेऊन वाचा. व्हिजिटिंग कार्डं भरपूर ठेवा आणि स्वतः जाऊन दिलंत तर कोपरा दुमडा. मुलींना एवढंच समजवा की वाळूवरची ओळख लंडनमध्ये चालवलीच पाहिजे असं नाही. सप्टेंबरात तोच तरुण बागेत दिसला आणि तुम्ही छत्री जरा खाली घेतली, तर त्याने समजून घ्यायचं असतं. तो दिसायला बरा असेल तर छत्री वर राहते, हा भाग वेगळा.

शनिवारी संध्याकाळ मोकळी ठेवा. आठवडाभर ऑफिसात अडकलेले नवरे त्या दिवशी येतात. शेजारच्या मार्गेटला थेम्समधून येणाऱ्या शनिवारच्या आगबोटीला लोक ‘नवऱ्यांची बोट’च म्हणतात. धक्क्यावर पोरं बापाच्या हातातल्या पुड्याकडे बघतात, आई चेहऱ्याकडे. जी बातमी कागदावर उतरवायची नव्हती, ती या चेहऱ्यावर आलेली असते: भागीदाराने हात वर केले, धाकट्याने पुन्हा कर्ज काढलं. जेवण हलकं सांगा, आणि मुलांना लवकर झोपवायची तजवीज करा.

शेवटचं काम परतीच्या दिवसाचं. थोरल्या मुलांपैकी एखादा इथेच शाळेत राहणार असेल तर स्टेशनकडे जाताना शाळेवरून जाणारा रस्ता धरू नका, किंवा धरलात तर मागे वळून हात हलवायची तयारी ठेवा. भेटायला आलेले आई-वडील परत जाताना पोरं खिडकीत उभी राहून बघतात. व्हॅन गॉगने त्या खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्याचं छोटं रेखाचित्र काढून भावाला पाठवलं होतं. जूनमध्ये तो स्वतः बहिणीला भेटायला निघाला, बराचसा पायी. तुमच्या मुलाला तसं येता येणार नाही. त्याच्या खिशात पेनीची डझनभर तिकिटं आणि घरचा पत्ता घातलेली पाकिटं ठेवा, आणि पहिलं पत्र आजच रात्री टाकायला सांगा.