स्पोर्टी गाडीला उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे टायर कसे निवडावेत

विंटर टायर ठाण्यात घेऊ नका. त्यांचं रबर ७ अंशांखालच्या थंडीत मऊ राहावं म्हणून बनवलेलं असतं. आपल्या मे महिन्यात ते झपाट्याने झिजतं आणि ब्रेकही लांबवर लागतो. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, अशी खूण दिसली की स्वस्तात मिळाला तरी तो टायर परत ठेवा. आपला दुसरा ऋतू पावसाळा, तेव्हा दोन सेट करायचेच तर त्या हिशेबाने करा.

आधी गाडीवरचा टायर वाचा. समजा १९५/५५ आर १६ ८७ व्ही लिहिलंय. रुंदी १९५ मिलिमीटर, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलो भार, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची क्षमता. नव्या टायरचे हे शेवटचे दोन आकडे कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी नकोत.

आता रिम. इथे सगळ्यांचा पाय घसरतो, माझाही घसरला होता. दिसायला झकास म्हणून मी १७ इंची मॅगव्हील लावले आणि पहिल्याच पावसात घोडबंदर रोडवरच्या खड्ड्यात टायरला फुगा आला, रिमही वाकली. साइडवॉल बारीक झाली की खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो. म्हणून पावसाळ्यासाठी उलट जा: वरच्या गाडीला १८५/६५ आर १५. चाकाचा एकूण व्यास ६२१ मिलिमीटरच्या आसपास तोच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. साइडवॉल मात्र १३ मिलिमीटरने उंच होते. अरुंद टायर पाणीही सहज कापतो. फक्त छोटी रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे आधी बसवून बघा.

रिम घेताना पीसीडी, म्हणजे बोल्टच्या छिद्रांचं वर्तुळ, तंतोतंत जुळलं पाहिजे. ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून ती गाडीला टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मूळ आकड्याच्या जवळपास हवा. तो फार कमी झाला की चाक बाहेर येतं आणि वळणावर फेंडरला घासतं. रिमचं मधलं भोक हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल भागापेक्षा, मोठं असेल तर ती फट भरणारी हब रिंग मागा, नाहीतर स्टिअरिंग थरथरेल.

पावसाळी टायरला रुंद, खोल, सलग खाचा हव्यात. कायद्याने १.६ मिलिमीटर खोल नक्षी चालते, पण पाम बीच रोडवर पाणी साचलेलं असताना एवढ्यावर भरवसा ठेवू नका. मी ३ मिलिमीटरला टायर बदलतो. दुकानात साइडवॉलवरचा चार आकडी कोड बघा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. फार जुना माल चमकवून पुढे केला जातो.

मेअखेरीस सेट बदला, ऑक्टोबरमध्ये परत. बॅलन्सिंग दर वेळी करा. नट आडवे-तिरपे, टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. हवेचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. चाकं थंड असताना भरा. उरलेला सेट रिमसकट आडवा, एकावर एक, उन्हापासून दूर ठेवायचा. फ्लॅटमध्ये तो कुठे, हे घरच्यांशी आधीच बोलून घ्या.