भाड्यातून खरेदीचा करार मोडला तर काय करावे

समजा, बेळगावच्या वडगावातील एका यंत्रमाग कामगाराने २४ लाखांचे घर 'आधी भाड्याने राहा, मग खरेदी करा' या बोलीवर घेतले. त्याने २ लाख रुपये संचकार, म्हणजे इसारा, दिला. दरमहा ९,००० रुपये द्यायचे, त्यातील ३,००० भाडे धरायचे, ६,००० किमतीत वळते करायचे आणि ३६ महिन्यांनी उरलेली रक्कम देऊन खरेदीखत करायचे, असे ठरले. हप्ते एकही न चुकवता त्याने भरले, म्हणजे संचकार धरून ४,१६,००० रुपये किमतीपोटी गेले आणि १९,८४,००० उरले. तोवर जागेचे भाव चढले, आणि मालक म्हणू लागला की महिन्याचे सगळे पैसे भाड्याचेच होते, संचकार तेवढा परत घ्या.

आपल्या कायद्यात अशा व्यवहाराला स्वतंत्र नाव नाही. न्यायालय त्यात एक भाडेकरार आणि एक विक्रीचा करार असे दोन करार पाहते, आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ नुसार नुसत्या विक्रीच्या कराराने घराची मालकी मिळत नाही. मिळतो तो करार पुरा करून घेण्याचा हक्क, म्हणून सारी लढाई कागदावर येते.

म्हणून प्रथम दस्त काढून वाचावा, किंवा वाचून घ्यावा. आपल्याकडे बोलणी मराठीत होतात आणि दस्त बहुधा कन्नडमध्ये लिहिला जातो. ज्याला कन्नड लिपी येत नाही त्याने व्यवहाराशी संबंध नसलेल्या माणसाकडून प्रत्येक ओळ समजून घ्यावी. दस्त लिहिणाऱ्याने 'सगळे बरोबर आहे' म्हणणे पुरेसे नाही. पाहायचा शब्द एकच आहे. नऊ हजारांच्या आकड्यापुढे नुसते 'बाडिगे' (भाडे) लिहिले असेल, तर ते सगळे भाडे ठरण्याचा धोका आहे. सहा हजार किमतीत वळते करण्याचे वाक्य वेगळे असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. दस्तात ते वाक्य नसेल, तर पावत्या, बँकेतील नोंदी आणि मालकाचे व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश शोधावेत.

करार नोंदणीकृत नसला तरी लगेच हातपाय गाळू नयेत. २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या अशा कराराच्या आधारे ताबा टिकवण्याचे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ चे संरक्षण नोंदणीशिवाय मिळत नाही, हे खरे. पण करारपूर्तीच्या दाव्यात तोच कागद कराराचा पुरावा म्हणून नोंदणी कायद्याच्या कलम ४९ नुसार घेता येतो. मुद्रांकाची अडचण मात्र खरी आहे. कराराच्या जोरावर ताबा दिल्याचे लिहिले असेल, तर शुल्क विक्रीइतके लागते, आणि ते कमी भरलेले आढळल्यास कर्नाटक मुद्रांक कायद्याच्या कलम ३४ नुसार तूट आणि तिच्या दहापट दंड भरल्याशिवाय कागद पुराव्यात येत नाही. शंभराच्या स्टॅम्पवर लाखोंचे घर लिहिणाऱ्यांना ही काटकसर पुढे फार महाग पडते.

वाद सुरू झाला म्हणून घर सोडू नये आणि हप्ताही थांबवू नये. मालक घेत नसेल, तर मनीऑर्डरने पाठवावा. परत आलेली मनीऑर्डर हा उत्तम पुरावा असतो. करार पुरा करण्यास आपण सदैव तयार होतो, हे विनिर्दिष्ट साहाय्य कायदा, १९६३ च्या कलम १६(क) खाली खरेदीदारालाच दाखवावे लागते. यासाठी कर्जमंजुरीचे पत्र किंवा खात्यातील शिल्लक जवळ ठेवावी. न्यायालयाने सांगितल्याशिवाय उरलेले लाखो रुपये तिथे भरण्याची गरज नसते.

त्यानंतर वकिलामार्फत पोच मिळेल अशा नोंदणीकृत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी. तीत उरलेली रक्कम आणि खरेदीखतासाठी उपनोंदणी कार्यालयात येण्याचा दिवस नमूद करावा, आणि त्या दिवशी स्वतः खरोखर हजर राहावे. मालकाने घर दुसऱ्याला विकले किंवा तारण दिले का, हे नव्या ईसीवरून (बोजा प्रमाणपत्रावरून) पाहावे; तसा संशय असल्यास दाव्याबरोबरच मनाई हुकमाचा अर्ज द्यावा.

दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची आहे. करारात खरेदीची तारीख ठरलेली असेल, तर ती त्या तारखेपासून मोजतात. नसेल, तर मालकाने नकार दिल्याचे कळल्यापासून. 'दिवाळीनंतर बघू' अशा वायद्यांवर ती घालवणारे लोक पुष्कळ आहेत. विनिर्दिष्ट साहाय्य कायद्यातील १ ऑक्टोबर २०१८ पासूनच्या दुरुस्तीमुळे करारपूर्ती मिळणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे, तरी दाव्यातच पर्यायी मागणी म्हणून पैसे परत मागून ठेवावेत. कोर्ट फी उरलेल्या रकमेवर नव्हे, तर पूर्ण २४ लाखांवर लागते, याची तरतूद आधी करावी.

हप्ते तुमच्याकडूनच थकले असतील, तरी मालकाला सगळे गिळता येत नाही. तुम्ही घरात जेवढा काळ राहिलात त्याचे भाडे त्याचे आहे. त्यापलीकडे करार कायद्याच्या कलम ७४ खाली वाजवी भरपाईच मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलास नाथ असोसिएट्सच्या प्रकरणात स्पष्ट केले. कुलूप लावून बाहेर काढले, तर ताबा परत मिळवण्याचा विनिर्दिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ चा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो.

तडजोड होत असेल, तर करार रद्द झाल्याच्या कागदावर सही करण्याची घाई करू नये. ठरलेली रक्कम खात्यात जमा झाल्याचे पाहावे, मगच सही करावी. आणि मूळ करार नोंदवलेला असेल, तर रद्दपत्रही नोंदवून घ्यावे.