पायाभूत चाचणीतली तीन शून्यं

जुलै संपत आला की नव्या शिक्षणसेवकांचे फोन येतात. प्रश्न ठरलेला: "सर, पेपर तपासले, गुण भरले. आता काय करायचं?" खरं तर आपलं काम तिथूनच सुरू होतं.

2023-24 पासून आपल्याकडे महाराष्ट्रात नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या, सुरुवातीला तिसरी ते आठवीसाठी. प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. वर्षात सुरुवातीला एक पायाभूत, सत्राअखेरीस एकेक अशा दोन संकलित. पायाभूतचे प्रश्न मागच्या इयत्तेवरचे असतात, म्हणजे चौथीतलं पोर तिसरीचं किती घेऊन आलंय ते बघायचं. गुण भरायची तारीख डोक्यावर असते, त्यामुळे पेपर भराभर तपासून गठ्ठा कपाटात जातो. माझाही पहिली दोन वर्षं गेला.

एका वर्षी गठ्ठा घरी आणला. गणित साधं होतं: 62 वजा 38. तीन पोरांना शून्य. एकानं उत्तर लिहिलं होतं 36, दुसऱ्यानं 34, तिसरीनं 25. तक्त्यात तिघंही एकाच रकान्यात, 'हातच्याची वजाबाकी येत नाही'. पण 34 वाल्यानं दशक बरोबर मोडला होता, फक्त सहाचे पाच करायला विसरला. 25 वालीला रीत पक्की येत होती, बारातून आठ मोजताना एक बोट चुकलं. 36 वाला मात्र वर-खाली न बघता मोठ्यातून लहान अंक काढत होता. आठातून दोन, सहातून तीन. मग तिघांना एकच उपचारात्मक तास, म्हणजे कच्चं राहिलेलं पुन्हा शिकवायचा तास, कसा चालेल?

इथं मी स्वतःवर खूश झालो आणि चुकलो. 36 वाल्याला दशकच कळलेला नाही असं ठरवून दोन आठवडे काड्या आणि दहाचे गठ्ठे दिले. पोरगा मुकाट्यानं रबर लावायचा, सोडायचा. त्याची आई आठवडी बाजारात भाजी विकायला बसते हे मला ठाऊक होतं, पण त्याचा गणिताशी संबंध लावला नव्हता. एकदा सहज विचारलं, "बासष्ट रुपयांतले अडतीस गेले, किती राहिले?"

"चोवीस."

"कसे रे?"

"अडतीसला दोन दिले की चाळीस. वर बावीस."

कागदावरची उभी मांडणी आणि डोक्यातला हिशोब यांची त्याच्याकडे गाठच पडलेली नव्हती. पेपर ते सांगू शकत नव्हता, आणि माझा पक्का अंदाजही नाही. म्हणून आता शून्य दिसलं की पोराला शेजारी बसवून "हे कसं केलंस?" एवढंच विचारतो. प्रत्येकी पाच मिनिटं. चाळीस पोरांच्या वर्गात सगळ्यांना जमत नाही. जिथं उत्तर विचित्र वाटतं तिथंच थांबा.

भाषेच्या पेपरात वेगळीच गंमत. 'बाप वावरात गेला' लिहिलं म्हणून गुण कापलेले मी पाहिलेत. आशय विचारला असेल तर ते उत्तर बरोबरच आहे. 'शेत' हा शब्द नंतर वर्गात शिकवू.

एक कडू गोष्टही सांगतो. माझ्या पहिल्या शाळेत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवलं होतं, "पोरांना जरा हातभार लावा, केंद्रातल्या बाकी शाळांत आपली शाळा खाली दिसायला नको." केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट. मी लावला. पेपर झकास झाले, आणि पुढचे तीन महिने कोणाला काय येत नाही ते मला वर्गात अंधारात चाचपडत शोधावं लागलं. निकाल कमी म्हणून केंद्रप्रमुखांनी विचारलंच, तर वही दाखवा: पोराचं नाव, चूक, ती का झाली, काय करतोय. माझ्या अनुभवात वही पाहिल्यावर बहुतेक साहेब शांत होतात.

तो 36 वाला पोरगा पुढं संकलितला बसला. हातच्याच्या वजाबाकीला त्यानं समासात बारीक अक्षरात आपले 'दोन दिले' मांडले आणि खाली नेमकं उत्तर लिहिलं. उत्तरसूचीत उभी मांडणी होती. मी पूर्ण गुण दिले.