'वापर कधीपासून?' या रकान्यात मी काय लिहून बसलो

ट्रेडमार्कच्या, म्हणजे मालाचं नाव आपल्या नावे नोंदवून घेण्याच्या अर्जात मसाला मालाच्या तिसाव्या वर्गात जातो, व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची सरकारी फी साडेचार हजार, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी बोलणार आहे फक्त एका रकान्याबद्दल: 'वापर कधीपासून'.

धरणगावकडचे एक आप्पा २०११ पासून शेवभाजीचा मसाला विकत होते. मी जळगावच्या कोर्टात नवा वकील. जुना वापर दाखवायचा तर अर्जासोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात, आणि आप्पांची बिलं पोत्यात, पोतं माळ्यावर. सीनियर म्हणाले, "प्रस्तावित वापर टाक आणि मोकळा हो." टाकलं.

ट्रेडमार्क कार्यालयाच्या परीक्षण अहवालात ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ११ चा आक्षेप आला. आमच्यासारखंच नाव, दुसऱ्याचं, वापर २०१६ पासून. मला तर हसूच आलं. आपण पाच वर्षं आधीचे, भीती कसली? महिन्याच्या मुदतीत उत्तर दिलं. सुनावणीत विचारलं गेलं, "अर्जात तर तुम्ही वापर सुरूच केलेला नाही. मग २०११ कुठून आलं?" माझी बोबडी वळली. नोंदणी नाकारली गेली.

नीट समजून घ्या. 'प्रस्तावित' लिहिणं म्हणजे आजवर या नावाचं एक पाकीटही विकलं नाही, असं स्वतःच्या सहीने सांगणं. कलम ३४ जुन्या वापरकर्त्याला सांभाळतं, पण समोरच्याचा वापर आणि नोंदणी या दोन्हींच्या आधीपासून तुमचा सलग वापर हवा, आणि तो सिद्ध तुम्हीच करायचा. त्यात तुमचाच अर्ज तुमच्याविरुद्ध साक्षीला उभा! पुढे त्या माणसाने जिल्हा न्यायालयात दावा लावला, तेव्हा त्याच्या वकिलाने सगळ्यात आधी आमचाच अर्ज वाचून दाखवला.

म्हणून सीनियरचा मान ठेवा, पण रकाना स्वतः वाचा. आणि 'स्वस्तात ट्रेडमार्क' करून देणाऱ्यांच्या नादी तर लागूच नका. ते पोतं माळ्यावरून उतरवत नाहीत.

'आमचं नाव थोडं वेगळं आहे' या भरवशावरही राहू नका. दोन पाकिटं शेजारी ठेवून कोर्ट बघत नाही; अर्धवट आठवणीवर दुकानात आलेलं गिऱ्हाईक फसेल का, ते बघतं. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला नावं फसवण्याइतकी सारखी वाटली, तरी पहिल्याने दुसऱ्याचा धंदा इतकी वर्षं चालू दिला म्हणून उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळालीच. तेव्हा आक्षेप आला म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. नकाराविरुद्ध तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. फक्त अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर कुणी विरोध नोंदवला, तर त्याची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे लेखी उत्तर द्या, नाहीतर अर्ज सोडून दिला असंच धरतात. (आणि नोंदणीआधी पाकिटावर गोलातला 'आर', म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, छापू नका, भो!)

दाव्यात आम्ही वाचलो. पोतं उतरवलं तेव्हा २०११ चं पाकीट छपाईचं बिल सापडलं, सारंगखेड्याच्या यात्रेतल्या स्टॉलची पावतीही. आमची विक्री थांबवणारी तात्पुरती मनाई मिळाली नाही समोरच्याला. आप्पांनी नवा अर्ज भरायला सांगितला. मी रकान्यात तारीख लिहीत असताना ते चष्मा लावून शेजारी बसले होते.