ड्रोन शिकताय? आधी डावा अंगठा तयार करा

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाचीला, ती सातवीत आहे, तिच्या बाबांनी छोटा ड्रोन आणून दिला आणि दुसऱ्याच दिवशी ती तो घेऊन आमच्याकडे कर्वेनगरला हजर, मामा हा वर जातो आणि सरळ भिंतीवर जाऊन आपटतो, बिघडलाय का बघ. ड्रोन अगदी ठणठणीत होता. कुठला अंगठा किती हलवायचा हे तिला कोणी दाखवलंच नव्हतं. बॉक्समधल्या कागदावर नुसते बाण काढलेले असतात, त्यावरून कोणालाच उडवता येणार नाही. त्या आठवड्यात तिला जसं शिकवलं तसंच इथे लिहितोय, मोठ्या माणसांनाही हेच लागू आहे.

आधी घेताना काय बघायचं. पहिलाच ड्रोन जीपीएसवाला, कॅमेरावाला घेऊ नका असं मी सगळ्यांना सांगतो. तो हवेत स्वतःच एका जागी उभा राहतो, तुम्ही फक्त इकडे जा तिकडे जा सांगता, आणि ज्या दिवशी जीपीएस सुटतं त्या दिवशी तो वाऱ्याबरोबर निघतो आणि हाताला काहीच सवय नसते. तळहाताएवढा घ्या, तीस-चाळीस ग्रॅमचा, पंख्यांभोवती गोल गार्ड असलेला. आणि एक गोष्ट नक्की तपासा, रिमोटची डावी स्टिक. सोडल्यावर ती आपोआप मध्ये येत असेल तर तो उंची स्वतः धरणारा आहे, सोपा वाटतो पण मुख्य गोष्ट शिकायची राहून जाते. जी स्टिक सोडाल तिथेच थांबते ती चांगली. उंची धरणं बटणाने बंद करता येत असेल तरी चालेल. रिमोट मोड २ चा असू द्या, म्हणजे डाव्या हाताला वर-खाली आणि जागच्या जागी फिरणं, उजव्या हाताला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकणं. पुढे दुसऱ्या कोणाचा रिमोट हातात घेतलात तरी बहुतेक हाच मोड असतो.

हा उडतो कसा हे दोन मिनिटं समजून घ्या, नंतर खूप उपयोग होतो. चार मोटरी असतात, तिरप्या रेषेत समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन एका दिशेने फिरतात आणि उरलेल्या दोन उलट्या. चारही जोरात फिरल्या की वर. मागच्या दोन जोरात फिरल्या की नाक खाली करून पुढे. एक तिरपी जोडी जोरात आणि दुसरी हळू केली की जागच्या जागी गिरकी, त्याला यॉ म्हणतात. आता मुद्दा असा की ड्रोन कलला की त्याची थोडी ताकद बाजूला खर्च होते, वर उचलायला कमी पडते, म्हणून पुढे न्यायला गेलात की तो थोडा खाली येतो. नवीन माणसाला वाटतं बॅटरी संपली. तसं नसतं, पुढे नेताना डावा अंगठा किंचित वर द्यावा लागतो, बस.

याच कारणाने पंखे चुकीच्या जागी बसवले की काहीच जमत नाही. दोन प्रकारचे पंखे असतात, बहुतेकदा ए आणि बी असं कोरलेलं असतं. क्रॅशनंतर निघालेला पंखा घाईत भलत्याच मोटरवर बसवला की थ्रॉटल, म्हणजे डावी स्टिक वर, दिल्या दिल्या ड्रोन जागेवरच उलटा होतो, आणि बरेच जण इथेच खराब निघाला म्हणून ठेवून देतात. नवीन असतानाच वरून मोबाइलने एक फोटो काढून ठेवा. फोटो नसेल तर पातं नीट बघा, त्याची जी कड वर उचललेली असते ती फिरण्याच्या दिशेने पुढे असायला हवी.

आता पहिला दिवस. हॉलमधला टीपॉय बाजूला करा, पंखा बंद, हे महत्त्वाचं आहे, सीलिंग फॅन खाली एवढा हलका ड्रोन कधीच स्थिर राहत नाही. केस लांब असतील तर घट्ट बांधा. आधी रिमोट चालू, डावी स्टिक पूर्ण खाली, मग ड्रोनला बॅटरी लावायची. बंद करताना उलटं, आधी ड्रोनची बॅटरी काढायची, मग रिमोट. चालू केल्यावर सपाट फरशीवर दोन-चार सेकंद हात न लावता राहू द्या, तेव्हा तो सपाट म्हणजे काय हे शिकत असतो, गादीवर किंवा हातात धरून चालू केलात तर दिवसभर एका बाजूला ओढत राहील.

तुम्ही त्याच्या मागे उभे राहा, त्याची शेपटी तुमच्याकडे. थ्रॉटल हळूहळू वाढवत न्या, एका क्षणी तो फरशीवर हलका होऊन घसरायला लागतो. इथे रेंगाळू नका. जमिनीच्या अगदी जवळ त्याचीच हवा खालून परत येते आणि तो डगमगतो, म्हणून ठरवून कमरेएवढा वर घ्या. आणि इथेच भाचीची सगळी गडबड होत होती. वर गेला की घाबरून ती स्टिक पूर्ण खाली ओढायची, तो दगडासारखा पडायचा, मग पुन्हा पूर्ण वर, तो छताला. मी तिचा अंगठा बघत बसलो होतो, नखाचा रंग पांढरा पडेपर्यंत दाबत होती. मग तिला म्हटलं, आजी दूध तापवते तेव्हा दूध वर यायला लागलं की काय करते, गॅस बंद करते का? नाही, बारीक करते. तसंच करायचं. वर चाललाय, बारीक कर. खाली येतोय, थोडा मोठा कर. दोन मिलिमीटरचा खेळ आहे सगळा. तिच्या तोंडून नंतर दिवसभर बारीक, मोठा, बारीक असं चालू होतं आणि तिसऱ्या बॅटरीला तो पहिल्यांदा छातीएवढ्या उंचीवर मोजून दहा सेकंद थांबला.

उजव्या स्टिकची सवय वेगळी. ती ढकलून धरून ठेवायची नाही, हलकी टिचकी द्यायची आणि मध्ये सोडायची. पण सोडल्यावर ड्रोन सपाट होतो, थांबत नाही, पावडर टाकलेल्या कॅरमवर सोंगटी सरकते तसा सरकत राहतो. थांबवायचा तर उलट दिशेने तेवढीच टिचकी. पुढे नेलात, मागे टिचकी. हे एकदा अंगात भिनलं की भिंती वाचतात.

स्टिक सोडूनही एकाच बाजूला सतत ओढत असेल तर रिमोटवर ट्रिमची छोटी बटणं असतात, ज्या बाजूला जातोय त्याच्या उलट बाजूचं एक-दोनदा दाबा.

क्रॅश होणारच. फक्त एक नियम, कशालाही धडकला की त्याच क्षणी थ्रॉटल शून्य. पंखा अडकलेला असताना मोटरला करंट जात राहिला तर ती तापते आणि जळते, माझ्या सुरुवातीच्या दोन मोटरी पडद्यात अडकून अशाच गेल्या. पाडायचं म्हटलं तर पाडा पण मोटर बंद करून पाडा. आणि दर दोन-तीन बॅटरींनंतर पंखा काढून खाली बघा. गालिच्याचा धागा आणि केस मोटरच्या दांड्याला इतके बारीक गुंडाळले जातात की वरून दिसत नाहीत, नुसता एक मोटर मंद झाल्यासारखा वाटतो आणि ड्रोन त्या कोपऱ्याकडे झुकतो. सुईने सैल करायचा आणि चिमट्याने ओढून काढायचा. भाचीच्या ड्रोनमधून हातभर लांब केस निघाला, तो काढल्यावर ओढणं पूर्ण थांबलं.

शेपटी आपल्याकडे ठेवून निदान आठ-दहा बॅटरी संपवा, मगच खरा अवघड भाग, म्हणजे त्याचं तोंड आपल्याकडे असणं. तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, तुम्ही उजवीकडे द्याल तर तो तुमच्या डावीकडे जाणार. एकदम फिरवू नका. आधी थोडा तिरका, मग पूर्ण आडवा डावीकडे तोंड करून, मग उजवीकडे, आणि शेवटी समोरासमोर. डोक्यात उलटसुलट हिशोब करत बसलात तर तेवढ्यात तो भिंतीला लागतो, त्यापेक्षा हे लक्षात ठेवा: तोंड तुमच्याकडे असताना तो ज्या बाजूला कलतोय त्याच बाजूला स्टिक द्या, कलत्या भिंतीला टेकू लावतो ना, तसा टेकू द्यायचा. एवढ्या एका गोष्टीने भाचीचं काम झालं. तोंड कुठलं शेपटी कुठली हे लांबून कळायला तिने मागच्या बाजूला आजीच्या लाल टिकल्या चिकटवल्या, फार छान युक्ती आहे, फक्त पंख्यांच्या पात्यांवर काही चिकटवू नका, तोल जातो. रिमोटवर हेडलेस नावाचं बटण असेल तर त्याला हात लावू नका, त्याने ड्रोनचं तोंड कुठेही असलं तरी डावं-उजवं तुमच्याच बाजूने राहतं, हा सगळा त्रास वाचतो पण दिशा ओळखायची सवयच लागत नाही.

उतरवायचा सराव पेपरवर करा. आधी पूर्ण उघडलेला पेपर, मग अर्धी घडी, मग पाव. त्यानंतर चौकोन काढा, मग गोल. गोलाला दोन्ही हात एकत्र लागतात, पुढे जाताना यॉ द्यायचा, त्याच बाजूला किंचित कलवायचा आणि थ्रॉटल सांभाळायचा. मग इंग्रजी आठ. घाई नको.

बॅटरीबद्दल थोडं नीट वाचा. या छोट्या लिपो म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या असतात, लिहिलेलं असतं ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. एका बॅटरीत चार-पाच मिनिटं मिळतात. तेवढ्याच उंचीवर राहायला थ्रॉटल जास्त द्यावा लागतोय असं वाटलं की उतरवा, शेवटच्या थेंबापर्यंत उडवलीत तर बॅटरी लवकर मरते. उतरल्यावर गार होऊ द्या मग चार्जिंगला लावा, फरशीवर किंवा किचनच्या ओट्यावर, गादीवर नाही, आणि रात्री लावून झोपायचं तर अजिबातच नाही. फुगलेली बॅटरी कितीही नवी असली तरी वापरू नका. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत विसरू नका. महिनाभर उडवणार नसाल तर पूर्ण भरून ठेवू नका, ३.८ च्या आसपास ठेवा. तीन-चार बॅटऱ्या घ्या, एका बॅटरीत हात बसेपर्यंत ती संपलेली असते.

बाहेर कधी? घरात तोंड आपल्याकडे करून अर्धी बॅटरी तरी उडवता आली की. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी सातच्या सुमाराला हवा अगदी पडलेली असते, तेव्हा सोसायटीचं किंवा शाळेचं रिकामं मैदान परवानगी घेऊन वापरा, दहानंतर वारा सुटतो. वेताळ टेकडीवर नेऊ नका, खाली पान हलत नसलं तरी वर वारा असतो, शिवाय घारी येतात आणि त्या खरोखर झडप घालतात, त्यात पक्ष्यालाही इजा होते. गच्चीवरूनही नको, कठड्यापलीकडे गेला की खाली कोणाच्या डोक्यावर पडेल सांगता येत नाही. आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला न्या, म्हणजे हात चुकला तरी तो तुमच्याकडेच येतो. पावसाळ्यात घरातच.

नियम पण बघून ठेवा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, मायक्रोलाही धंद्यासाठी नसेल तर नाही. पण कुठे उडवता याला नियम सगळ्यांनाच. डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवर नकाशा आहे, हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर होते. पुण्यात हे फार गंभीरपणे घ्या, कारण लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, खडकवासल्याला एनडीए ही सैनिकी प्रबोधिनी, खडकी आणि कॅम्पात लष्कराच्या जागा. गणपतीत, पालखीत, मोठे दौरे असतात तेव्हा पोलिसांचे बंदीचे आदेश निघतात, ते बघूनच बाहेर पडा. आणि लोकांच्या खिडक्यांसमोर, माणसांच्या डोक्यावर कधीच नाही.

पुढे अ‍ॅक्रो मोड करायचा असेल, ज्यात ड्रोन स्वतः सपाट होत नाही, तर आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर घ्या, यूएसबीने जोडता येणाऱ्या खऱ्या रिमोटने, कीबोर्डवर अंगठे तयार होत नाहीत.

परवा भाचीचा व्हॉइस मेसेज आला, तोंड माझ्याकडे, अख्खी बॅटरी, एकदाही पडला नाही. मागून आजीचा आवाज, माझं टिकल्यांचं पाकीट संपलं म्हणून. रविवारी सात वाजता तिला मैदानावर बोलावलंय, वारा नसला तर गोल सुरू करू.