एजंटसाठी इंकस्केपचं डॉक्युमेंटेशन: या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

डिझाइन सॉफ्टवेअरचं मॅन्युअल म्हटलं की स्क्रीनशॉट, लाल बाण आणि 'या बटणावर क्लिक करा'. एआय एजंटला यातलं काही लागत नाही. तो कमांड चालवतो आणि जे उत्तर येईल त्यावर पुढचं पाऊल टाकतो. आमच्याकडे पाकिटांवरची लेबलं इंकस्केप या चित्रं आणि मजकूर मांडायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतात. मजकूर बदलून पीडीएफ काढायचं काम एजंटकडे गेलं, आणि त्याच्यासाठी कमांडची वर्णनं लिहायचं माझ्याकडे आलं.

नव्या माणसाला वाटतं, वाचणाऱ्याला काही माहीत नाही असं धरून लिहावं. इथे उलट अडचण आहे. एजंटला इंकस्केप माहीत असतं, पण वेगवेगळ्या काळातलं आणि एकमेकांत मिसळलेलं. २०२० साली १.० आवृत्ती आली तेव्हा कमांड लाइन, म्हणजे बटणांऐवजी टाइप करून हुकूम द्यायची सोय, बरीच बदलली. 'एक्सपोर्ट-पीएनजी' मागे पडून 'एक्सपोर्ट-टाइप' आणि 'एक्सपोर्ट-फाइलनेम' आले. पुढे १.२ मध्ये 'व्हर्ब', म्हणजे इंकस्केपला क्रिया सांगायची जुनी नावं, गेली आणि त्यांची जागा 'ॲक्शन'नी घेतली. इंटरनेटवरची उत्तरं मात्र जुनीच पडून आहेत आणि एजंटमागचं भाषा-मॉडेल तीही वाचून मोठं झालंय. म्हणून मी प्रत्येक वर्णनात आधी आवृत्ती लिहिते आणि मग चक्क मनाई: 'व्हर्ब वापरू नका, उपलब्ध ॲक्शनची यादी ॲक्शन-लिस्टने काढा.' माणसासाठीच्या मॅन्युअलमध्ये असं वाक्य उद्धट वाटलं असतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मापांवर द्या. इंकस्केपमध्ये ०.९२ च्या आधी एका इंचात ९० पिक्सेल धरायचे, आता ९६. त्यामुळे ए४ पानाची रुंदी जुन्या फाइलीत ७४४.०९ दिसते आणि नव्या हिशोबाने ७९३.७. मिलिमीटर न लिहिलेली जुनी फाइल तशीच उघडली तर ९० मिमीचं लेबल साधारण ८४ मिमीचं होतं. स्क्रीनवर काम करताना अशा फाइलीला इंकस्केप स्वतः विचारतं की काय करू. कमांड लाइनवर विचारायला समोर कोणी नसतं. जुनी मापं कशी बदलायची ते सांगणारं 'कन्व्हर्ट-डीपीआय-मेथड' आपण द्यायचं. शिवाय १.० पासून उभा अक्ष मुळातच वरून खाली मोजला जातो, आधी खालून वर मोजायचे. 'लोगो २० ने वर सरकवा' या सूचनेत वीस काय आणि वर म्हणजे कुठे, हे दोन्ही लिहिलंच पाहिजे. ही माहिती अनुभवी डिझायनरच्या हातात असते, त्यामुळे कागदावर कधी उतरतच नाही.

बाकी साचा सोपा आहे. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला. एजंटला बाहेरची साधनं (टूल) जोडायची ही ठरीव पद्धत. त्यात प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा, म्हणजे कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची त्याचा आराखडा, असतो. टूल वापरायचं की नाही हे एजंट त्या वर्णनावरूनच ठरवतो. ही वर्णनं त्याच्यासमोर सतत असतात, म्हणून ती आखूड ठेवा आणि लांबण वेगळ्या फाइलीत टाका. पण परिणाम गाळू नका. एक्सपोर्टला दिलेल्या नावाची पीएनजी आधीच असेल तर तिच्यावर न विचारता नवी लिहिली जाते. 'एक्सपोर्ट-आयडी' एकटंच दिलं तर त्या जागेतल्या इतर वस्तूही चित्रात येतात. फक्त तीच वस्तू हवी तर सोबत 'एक्सपोर्ट-आयडी-ओन्ली' लागतं. एररचा संदेशही असाच लिहा: काय चुकलं, आणि आता कोणती कमांड चालवायची.

मराठी लेबलांचा एक वेगळा ताप आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आपल्याला छान मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात. एजंट कोड वाचतो. त्याला तो कचरा वाटतो आणि तो सद्भावनेने दुरुस्त करायला जातो. आमच्या दस्तऐवजात या फॉन्टची नावं आणि 'हा मजकूर बदलू नका, माणसाला विचारा' एवढंच आहे. आजच्या प्रमाण कोडमधल्या, म्हणजे युनिकोड, मजकुरासाठी फॉन्ट समोरच्या मशीनवर असेलच असं नाही, म्हणून शेवटच्या पीडीएफला अक्षरांचे आकार करून टाकणारं 'एक्सपोर्ट-टेक्स्ट-टू-पाथ' लावायला सांगितलंय. मूळ फाइल तशीच राखून.

म्हणूनच डीटीपी केलेल्या मुलामुलींनी या कामाला घाबरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. छपाईत काय बिघडतं हे त्यांना आधीच ठाऊक असतं. मार्कडाउन (साध्या मजकुरात मांडणीच्या खुणा), गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद), कमांड लाइन आणि जेसन वाचता येणं एवढं बाकी शिकून घेता येतं. नुसतं प्रोग्रॅमिंग येणाऱ्याला ब्लीड, म्हणजे कापायच्या कडेबाहेर सोडायची छपाई, सांगायला जास्त वेळ लागतो.

सरावासाठी इंकस्केपच्या चार-पाच कमांड निवडा, वर्णन लिहा आणि कोऱ्या संभाषणात एजंटला काम द्या. तो अडखळला तर चॅटमध्ये समजावत बसू नका. दस्तऐवज सुधारा आणि पुन्हा कोऱ्या संभाषणापासून सुरू करा. निकाल तपासायला रुंदी सांगणाऱ्या 'क्वेरी-विड्थ'सारख्या कमांडही दस्तऐवजात द्या, नाहीतर तो 'झालं' म्हणून मोकळा होतो. नोकरी शोधताना जाहिरात बहुधा 'टेक्निकल रायटर' याच नावाने असते. अर्जाला आधीचा मसुदा, नंतरचा मसुदा आणि मधल्या चाचणीचा लॉग, तिन्ही जोडा.