गर्भाची पिशवी काढल्यावर नवऱ्याजवळ जायचं कधी?

गाठींमुळं अंगावरून फार जायचं, म्हणून मी कराडला पिशवी काढून घेतली. तेव्हापासून गल्लीतल्या बाया हळूच हेच विचारतात.

साधारण ६ ते ८ आठवडे संबंध नको, आत टाके असतात. डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच. तोवर कळशी, पोतं उचलायचं नाही.

अंडाशय ठेवलेत की काढलेत, हे विचारून घ्याच. काढले असतील तर अंगातून वाफा निघतात, कोरडेपणा येतो. मेडिकलमध्ये वंगणाचं जेल मिळतं, लाजू नका. तरीही दुखलं तर डॉक्टरांना इस्ट्रोजेनच्या (बायकांच्या अंगातल्या हार्मोनच्या) क्रीमबद्दल विचारा.

इच्छा काही पिशवीत नसते गं! दुखणं, रक्त थांबल्यावर पुष्कळजणींना उलट बरं वाटतं. नवऱ्यालाही हे समजावून सांगा.

लालभडक रक्त, घाण वासाचं पाणी, ताप किंवा जोराची पोटदुखी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.